घूमजाव, कलाटणी आणि फिरलेले दिवस

एक भाषांतर तपासताना वाक्य आलं: ‘सरकारने आपल्या धोरणात कलाटणी केली.’ मूळ इंग्रजीत शब्द होता व्होल्ट-फास, म्हणजे भूमिका एकदम उलटी करणं. अर्थ चुकलाय असं म्हणता येईना, पण वाक्य कानाला खटकलं. कारण सापडायला जरा वेळ लागला. कलाटणी मिळते, कलाटणी देता येते, पण कलाटणी कुणी ‘करत’ नाही. घूमजावचं उलटं आहे. ते करावंच लागतं, कुणालाही घूमजाव ‘मिळत’ नाही.

अचानक दिशा बदलण्याच्या इंग्रजी शब्दांकडे बघताना हीच कसोटी मला सगळ्यात उपयोगी वाटते: वळणारा स्वतः वळला, की त्याला कुणीतरी वळवलं?

व्होल्ट-फास फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचने तो इटालियनमधून घेतला. घटक दोनच, वळवणे आणि चेहरा. पण म्हणून मराठीत ‘तोंड फिरवणे’ लिहाल तर फसाल, त्यात रुसवा किंवा टाळाटाळ आहे, मतबदल नाही. अबाउट-टर्न हा तर कवायतीचा हुकूम. आपलं घूमजावही दिसायला आज्ञार्थीच आहे, हिंदीतलं ‘घूम जाओ’ सरळ नाम होऊन बसलंय. म्हणून ही जोडी मला चपखल वाटते. दोन्हींत टाच वळवल्याचा आवाज ऐकू येतो आणि थोडी टिंगलही.

यू-टर्न त्याच घरातला, फक्त रस्त्यावरून आलेला. त्यावरची सगळ्यात गाजलेली कोटी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची. १० ऑक्टोबर १९८० रोजी ब्रायटनला पक्षाच्या अधिवेशनात, धोरण बदलणार का या चर्चेला उत्तर देताना त्या म्हणाल्या, ‘यू टर्न इफ यू वाँट टू.’ कानाला यू-टर्न, अर्थ मात्र ‘तुम्ही वळा हवं तर’. मराठीत ही कोटी आणता येत नाही, मी दोनदा प्रयत्न करून सोडून दिलाय. गंमत म्हणजे धंद्यातली मंडळी हेच केलं की त्याला पिव्हट म्हणतात. पिव्हट म्हणजे खुंटी किंवा आस, एक पाय रोवून बाकी अंग वळवायचं. माघार घेतल्याची लाज त्या शब्दात उरत नाही!

आता ज्याला वळवलं गेलं त्याचे शब्द. इथे इंग्रजी समुद्राकडे वळते. ‘टेकन अबॅक’ आपण ‘चकित होणे’ असं करून मोकळे होतो. शिडाच्या जहाजावर त्याचा अर्थ फार भयानक होता. वारा एकदम फिरून समोरून आला की शिडं मागे डोलकाठीवर दाबली जात, जहाज जागच्या जागी थबके आणि कधी डोलकाठीच मोडे. ‘चेंज टॅक’ हाही शिडाचाच शब्द, पण तो ठरवून केलेला: वारा समोरून येत असेल तर त्या दिशेने थेट जाता येत नाही, म्हणून नागमोडी जाताना बाजू बदलायची. म्हणजे टॅक बदलणारा मुक्काम बदलत नाही. त्याला घूमजाव म्हणणं अन्यायाचं आहे, ‘पवित्रा बदलला’ हे जास्त जवळचं. सी चेंज (आमूलाग्र बदल) मात्र या यादीत चुकून येतो. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये बुडालेल्या माणसाच्या हाडांचं पोवळं आणि डोळ्यांचे मोती होतात, ते काही एका रात्रीत होत नाही.

नाटकवाल्यांचे शब्द आणखी नेमके. पेरिपेटिया हा ॲरिस्टॉटलचा शब्द, आणि त्याने दिलेलं उदाहरण अजून कुणाला मागे टाकता आलेलं नाही. ग्रीक शोकांतिकेतल्या राजा इडिपसची भीती घालवायला दूत येतो, त्याच्या जन्माचं खरं सांगतो आणि नेमक्या त्याच सांगण्याने इडिपसचा घात होतो. नुसतं नशीब उलटलं म्हणजे पेरिपेटिया नव्हे, एका हेतूने केलेल्या कृतीतूनच उलटं फळ निघायला हवं. ‘विपर्यय’ मला चालेल. ‘विपर्यास’ नको, त्याला हल्ली ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला’ एवढंच काम उरलंय.

कॅटस्ट्रॉफीचं मूळही ग्रीक, ‘खाली वळणे’, उलथणे. पण इंग्रजीत तो आधी नाटकाचा शेवट या अर्थाने रुळला. ‘किंग लिअर’मध्ये एडमंड जुन्या सुखात्मिकेतल्या कॅटस्ट्रॉफीचा उल्लेख करतो, तिथे अनर्थाचा संबंध नाही. पुढे शब्दाला अनर्थच चिकटला, इतका की लेखक टोल्किन यांना आनंदी कलाटणीसाठी शब्दाच्या आधी ‘यू’ (ग्रीकमध्ये ‘चांगलं’) लावून युकॅटस्ट्रॉफी घडवावा लागला.

ग्रहांच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा एकाच पंचांगात बसल्यात. डिझास्टर म्हणजे मुळात वाईट तारा. आणि विंडफॉलला (वाऱ्याने पडलेलं आयतं फळ) आपण जो ‘घबाड’ देतो, तो पंचांगातला मुहूर्त आहे. ‘टर्न द टेबल्स’मधली टेबलं जेवणाची नाहीत. टेबल्स हे बॅकगॅमनसारख्या फाशांच्या खेळांचं जुनं नाव, पट फिरवला की हरणारा जिंकणाऱ्याच्या जागी. ‘डाव उलटला’ किंवा ‘डाव उलटवला’, आणखी शोधायची गरजच नाही.

आता ‘रिव्हर्सल ऑफ फॉर्च्यून’, म्हणजे नशीब उलटणं. इंग्रजीत तो वर-खाली दोन्हीकडे चालतो, बहुतेकदा खाली. मराठीत क्रियापदच दिशा सांगून टाकतं. दिवस ‘फिरले’ म्हणजे वाईट आले. दिवस ‘पालटले’ म्हणजे बहुधा चांगले आले. ग्रह फिरतात, दैव फिरतं, नजर फिरते, डोकं फिरतं, आणि घर फिरलं की वासेही फिरतात. याउलट रूप पालटतं, नशीब पालटतं, काया पालटते. नियम म्हणून नाही सांगत. वारं फिरलं तर ते कुणाच्या बाजूचं ते पुढच्या वाक्यावर ठरतं. पण ‘त्या खेळाडूचं नशीब फिरलं आणि तो विश्वविजेता झाला’ असं वाचलं की मी दचकतो. तिथे पालटलं, उघडलं, फळफळलं, काहीही चालेल.

म्हणून ‘रिव्हर्सल ऑफ फॉर्च्यून’ला कुणी ‘नशिबाचा उलटफेर’ सुचवलं तर ते मला नको वाटतं. शब्द हिंदीच्या वळणाचा आहे हे एक, आणि नशीब कुठल्या बाजूला उलटलं ते त्यातून कळतच नाही हे दुसरं. मूळ वाक्यात दिशा मुद्दाम झाकलेली असेल तर ‘दशापालट’ वापरून बघेन, जरी त्यातला पालट किंचित चांगल्याकडे ओढतो.

टेकन अबॅकवर अडलोय अजून. ‘थबकणे’ आहे, पण त्यात समोरून आलेला वारा नाही. किनाऱ्यावरच्या शिडाच्या होड्यांवर, अचानक शीड उलटं भरलं तर त्याला काय म्हणतात? कुणाच्या कानावर असेल तर सांगा.