शब्दचर्चा : शोधनिकाल ‘व्यक्तिसापेक्ष’ म्हणावेत का?

विचारणा (वरुड तालुका, जि. अमरावती)

गावातील वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी इंटरनेटवरील शोधाविषयी एक लेख लिहीत आहे. त्यात ‘व्यक्तिसापेक्ष शोधनिकाल’ असा शब्दप्रयोग केला आहे आणि तो कितपत बरोबर आहे, हे येथील जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. माझ्या फोनवर आणि पुण्याला शिकणाऱ्या पुतणीच्या फोनवर आम्ही एकाच वेळी ‘सांबार’ हा शब्द टाकून पाहिला. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. आठवडी बाजारात सांबाराची जुडी मागितली तर कोणी इडलीसोबतची आमटी देत नाही. पुतणीच्या फोनवर मात्र वरपासून खालपर्यंत ती आमटीच होती. माझ्या फोनवरही आमटीच वर होती, पण थोडे खाली गेल्यावर सांबारवडीची कृती दिसली, जी तिच्याकडे पहिल्या पानावर कुठेच नव्हती. निकाल परीक्षेचा असतो, खटल्याचा असतो, निवडणुकीचा असतो आणि तो एकदा लागला की सर्वांना एकच असतो. तेव्हा माणसागणिक बदलणाऱ्या यादीला ‘निकाल’ म्हणावे का आणि म्हटलेच तर ‘व्यक्तिसापेक्ष’ हे विशेषण चालेल का, असे माझे दोन प्रश्न आहेत.

प्रतिसाद (अकोला)

ताई, पहिल्या प्रश्नापुरते सांगतो. ‘परिणाम’ हा पर्याय काही अनुवादांत दिसतो, पण तो हिंदीच्या वळणाचा आहे. मराठीत औषधाचा परिणाम होतो, शोधाचा नव्हे. ‘निष्कर्ष’ तर सर्वस्वी चुकीचा, कारण निष्कर्ष वाचणाऱ्याने काढायचा असतो आणि यंत्र केवळ पाने पुढे ठेवते. ‘शोधनिकाल’ रूढ झाला आहे आणि रूढ शब्द उपटून काढण्याइतका तो वाईट नाही. निकाल म्हणजे अंतिम निवाडा ही छटा त्याला चिकटलेली आहे, हे मात्र मान्य करावे लागेल.

प्रतिसाद (गोंदिया)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ‘होय’ असेच आहे. गुगलने ४ डिसेंबर २००९ रोजी व्यक्तिगत शोधनिकाल सर्वांसाठी लागू केले. खात्यात लॉगिन न केलेल्या माणसाच्याही मागील १८० दिवसांच्या शोधांची नोंद ब्राउझरमधील कुकीच्या (तेथे साठवल्या जाणाऱ्या छोट्या खुणेच्या) आधारे विचारात घेतली जाऊ लागली. पुढे २०११ मध्ये अमेरिकी लेखक एली पॅरिसर यांनी ‘फिल्टर बबल’ (आपल्याच आवडीच्या मजकुराचा बुडबुडा) ही संज्ञा रूढ केली, तीही याच अनुभवावरून. आपण काय शोधतो, कशावर बोट ठेवतो हे यंत्राच्या लक्षात राहते आणि मग ते आपल्याला आपल्याच आवडीचे दाखवते. व्यक्ती बदलली की निकाल बदलतो, म्हणून ‘व्यक्तिसापेक्ष’ हाच नेमका शब्द आहे.

प्रतिसाद (नागपूर)

गोंदियाच्या भाऊंनी दिलेली तारीख बरोबर आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ मला पटत नाही. ‘व्यक्तिसापेक्ष’ म्हटले की वाचणाऱ्याच्या मनात असे चित्र उभे राहते की यंत्राने मला ओळखले, माझा स्वभाव जोखला आणि माझ्यासाठी वेगळी यादी तयार केली. प्रत्यक्षात जो फरक दिसतो, त्यातील बराच भाग व्यक्तीमुळे नसून ती व्यक्ती कोठे उभी आहे, कोणत्या भाषेची मांडणी (मेनू, बटणे) वापरते आणि शब्द कसा लिहिते यांमुळे असतो.

अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली. तिची पद्धत समजून घेण्याजोगी आहे, कारण आपण घरी दोन फोन शेजारी ठेवून करतो त्या तुलनेतील खोट ती दाखवून देते. एकच शब्द एकाच माणसाने लागोपाठ दोनदा शोधला तरी यादी थोडी हलते. शोधयंत्राची माहिती जगभरच्या अनेक डेटा सेंटरांत ठेवलेली असते व ती सर्व ठिकाणी एकाच क्षणी अद्ययावत होत नाही. शिवाय कंपनी काही वापरकर्त्यांवर नव्या मांडणीचे प्रयोगही करत असते. म्हणून त्या संशोधकांनी खऱ्या वापरकर्त्याचा शोध आणि कोऱ्या खात्यावरून केलेला तोच शोध एकाच वेळी चालवला, दोन कोऱ्या खात्यांत जो फरक आपोआप पडतो तो वजा केला आणि उरलेला तेवढाच फरक व्यक्तीच्या नावावर टाकला. तो सरासरी ११.७ टक्के निघाला. या उरलेल्या फरकामागे कोणती कारणे आहेत, हे तपासण्यासाठी त्यांनी वय, लिंग, आधीचे शोध अशा बाबी बदलून कृत्रिम खाती उघडली, तेव्हा ठळक परिणाम दोनच गोष्टींचा आढळला: खात्यात लॉगिन असणे आणि आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) समजणारे ठिकाण. त्यांना आणखी एक मौजेची गोष्ट दिसली. एक शोध केल्यानंतर सुमारे दहा मिनिटांच्या आत दुसरा केला, तर पहिल्याची सावली दुसऱ्यावर पडते. ताईंनी ‘सांबार’ टाकण्याच्या थोडे आधी कोथिंबिरीचे किंवा वडीचे काही शोधले असेल, तर सांबारवडी वर येण्याला तेवढेही कारण पुरेसे असू शकते.

त्याच विद्यापीठातून २०१५ मध्ये केवळ ठिकाणाच्या परिणामावर आणखी एक अभ्यास आला. दोन ठिकाणांमधील अंतर वाढते तसा निकालांतील फरक वाढतो आणि तो मुख्यतः दुकान, शाळा, दवाखाना अशा स्थानिक शब्दांत दिसतो. राजकारणी व्यक्तींची नावे किंवा वादाचे विषय यांत तो फार कमी असतो, असे त्यात आढळले. फिल्टर बबलच्या भीतीचा सगळा भर ज्या विषयांवर आहे, नेमक्या त्याच विषयांत ठिकाणामुळे पडणारा फरक थोडा निघाला, हे मला महत्त्वाचे वाटते. ‘कापूस भाव’ हा शब्द हिंगणघाटहून आणि ठाण्याहून टाकला तर यादी वेगळी येणे स्वाभाविक आहे, पण त्यात हिंगणघाटच्या शेतकऱ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा काही संबंध नाही. त्याच्या जागी त्याचा शेजारी बसला, तरी जवळजवळ तेच दिसेल.

कृषी केंद्राच्या काउंटरवर जाऊन नुसते ‘अळीचे औषध द्या’ म्हटले, तर दुकानदार आधी विचारतो की पऱ्हाटीवरची की हरभऱ्याच्या घाट्यातली. शोधयंत्र बहुतेक वेळा असे काही विचारत नाही. मिळालेल्या खुणांवरून ते अंदाज बांधते, आणि त्या खुणांत आपला गाव ही खूण आपल्या आवडीनिवडीपेक्षा कितीतरी वरच्या क्रमांकावर आहे. तेव्हा माझी सूचना अशी की ठिकाणामुळे पडणाऱ्या फरकाला ‘स्थलसापेक्ष’ म्हणावे, मांडणीच्या आणि लिपीच्या भाषेमुळे पडणाऱ्या फरकाला ‘भाषासापेक्ष’ म्हणावे आणि ‘व्यक्तिसापेक्ष’ हा शब्द ज्या थोड्या भागात खरोखर माणसाच्या पूर्वीच्या शोधांचा किंवा खात्याचा संबंध येतो, तेवढ्यासाठीच राखून ठेवावा.

विचारणा करणारीचा प्रतिसाद (वरुड)

भाऊ, स्थलसापेक्ष हा शब्द पटला. खात्री करण्यासाठी मी इनकॉग्निटो (खासगी) टॅब उघडून तोच शब्द पुन्हा टाकला, पण यादी फारशी बदलली नाही. पान अगदी तळापर्यंत सरकवले, तेव्हा तेथे बारीक अक्षरांत ठिकाणाचे नाव दिसले आणि ते नागपूर होते. मी तर वरुडला बसले आहे. मग हे स्थळ नेमके कोणाचे?

प्रतिसाद (नागपूर)

इनकॉग्निटो टॅबमध्ये आपल्या खात्याचा आणि आधीच्या कुकींचा संबंध तुटतो, ठिकाण लपत नाही. तरीही यादी फारशी बदलली नाही, यावरून आपल्या फोनपुरता तरी व्यक्तीचा वाटा किती थोडा होता ते दिसतेच. लोकेशन बंद असेल तर यंत्र आयपी पत्त्यावरून ठिकाण ठरवते, आणि मोबाइल इंटरनेटवर तो पत्ता आपल्या शेतातल्या टॉवरचा नसून, कंपनीचे जाळे जेथून बाहेरच्या इंटरनेटला जोडलेले असते त्या शहराचा असू शकतो. धारणी किंवा एटापल्लीत बसलेल्या माणसाला ‘नागपूर’ किंवा ‘मुंबई’ दिसणे यात नवल नाही. पूर्वी शेवटी डॉट को डॉट इन लिहिले म्हणजे भारताचे निकाल, असे सरळ होते; ऑक्टोबर २०१७ पासून गुगलने पत्त्याच्या शेपटीऐवजी वापरकर्त्याच्या ठिकाणावरून देश ठरवणे सुरू केले. म्हणून ‘स्थल’ या शब्दाचा अर्थ येथे ‘यंत्राने गृहीत धरलेले स्थळ’ असाच घ्यावा लागेल. लेखात एवढे वाक्य अवश्य टाका.

प्रतिसाद (वणी, जि. यवतमाळ)

भाषेच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो, कारण वऱ्हाडी आणि झाडीबोलीतील शब्दांना तो सर्वांत जास्त लागू पडतो. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी होते; कोकणात तिलाच लावणी म्हणतात. तेथील शेतकऱ्याने नुसते ‘लावणी’ टाकले तर ढोलकी-घुंगरांचीच पाने पुढे येणार, आणि ‘रोवणी’ टाकणाऱ्याला ती अडचण नाही, पण त्या शब्दाने लिहिलेली पानेच थोडी आहेत. आपल्या शब्दांवर मजकूर कमी असला की यंत्र जवळच्या मोठ्या शब्दाकडे किंवा सरळ हिंदीकडे झुकते, कारण लिपी तीच आहे. ‘वावर’ म्हणजे आपल्याकडे शेत आणि पश्चिमेकडे ये-जा. यांत्रिक अंदाज अर्थातच जास्त मजकुराच्या बाजूने पडतो.

‘सांबार’चेच पाहा. आपल्याकडे निम्मे लोक ‘सांभार’ लिहितात आणि सांभारवडीच्या कृती त्या शब्दाखाली वेगळ्या सापडतात. टंकण्याऐवजी बोलून शोधले, तर फोन ‘सांबर’ ऐकतो आणि मेळघाटातले हरिण दाखवतो. ताई आणि त्यांची पुतणी यांनी एकच अक्षरे टाकली होती का, हे आधी पाहायला हवे. अक्षरे सारखी दिसणेही पुरेसे नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमधील (संगणकाच्या प्रमाण अक्षरसंचातील) स्वतंत्र ‘ऱ’ वापरून लिहिता येतो, आणि साधा ‘र’, हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह यांनीही पडद्यावर हुबेहूब तेच रूप उमटते, पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरमालिका आहेत. घाईत लिहिलेले ‘वर्हाड’ हे तिसरे रूप. यंत्राने ही तिन्ही रूपे एक मानली नाहीत, तर एकाच घरातल्या दोन फोनांवर, केवळ कीबोर्ड वेगळे असल्यामुळे, याद्या वेगळ्या येतात. याला व्यक्तिसापेक्ष म्हणणे मला तरी जड जाते.

प्रतिसाद (गोंदिया)

ठिकाणाचा वाटा मोठा असल्याचे मान्य. तरी लॉगिन केलेल्या खात्यात नोंदी साठतात आणि त्यांचा वापर होतो, एवढा मुद्दा लेखातून गळू नये, अशी विनंती. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ बंद करता येते आणि जुन्या नोंदी पुसता येतात, हेही लिहिले तर वाचकांच्या उपयोगी पडेल.

विचारणा करणारीचा प्रतिसाद (वरुड)

लेखातील वाक्य आता असे केले आहे: ‘शोधनिकाल हे प्रामुख्याने स्थलसापेक्ष व भाषासापेक्ष असतात, खात्यात लॉगिन असल्यास ते काही अंशी व्यक्तिसापेक्षही होतात, येथे स्थळ म्हणजे यंत्राने गृहीत धरलेले स्थळ होय.’ पुतणीला विचारले, तर तिने ‘सांबार’ इंग्रजी अक्षरांत टाकला होता असे कळले.