गोल्फ कोर्सच्या रचनेवर बोलायला चांगलं खेळता यायलाच हवं का?

वाटसरू (धागाकर्ता)

गोल्फ कोर्सच्या रचनेबद्दल मत मांडलं की पहिला प्रश्न येतो, "तुमचा हँडिकॅप किती?" (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला.) आकडा विशीच्या पुढचा असला की पुढचं कुणी ऐकून घेत नाही. मला हे पटत नाही. कोर्स चांगला की सुमार हे कळायला फटका लांब जावा लागत नाही, नजर लागते. आणि हौशी माणसं वगळली, तर या कलेच्या इतिहासात फार थोडं शिल्लक राहतं.

अमेरिकेतले नावाजलेले कोर्स घ्या. पाइन व्हॅली उभी करणारा जॉर्ज क्रम्प हॉटेल व्यवसायातला. मेरिअनचा ईस्ट कोर्स (1912) करणारा ह्यू विल्सन विमा व्यवसायातला. ओकमाँट आखणारा हेन्री फाउन्स लोखंड-पोलादाचा कारखानदार. रिव्हिएरा आखणारा जॉर्ज थॉमस गुलाबांच्या नव्या जाती तयार करायचा आणि कोर्स आखण्याचा मोबदला घेत नसे. अलिस्टर मॅकेन्झी डॉक्टर होता. बोअर युद्धात समोरच्यांचे खंदक जमिनीत इतके बेमालूम मिसळलेले त्याने पाहिले, की तीच युक्ती पुढे बंकर (वाळूचे खड्डे) आणि ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) यांसाठी वापरली. 1914 मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने होलच्या आराखड्याची स्पर्धा ठेवली, ती त्याने जिंकली. नंतर सायप्रस पॉइंट, रॉयल मेलबर्न, ऑगस्टा हे कोर्स. खेळाडू म्हणून मात्र तो बराच काळ मध्यमच होता.

नजर म्हणजे काय, तर रिव्हिएराचा दहावा होल घ्या. जेमतेम 315 यार्ड, पार चार, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा. कागदावर सोपा वाटतो. पण ग्रीन अरुंद आणि तिरकं बसवलेलं आहे. डावीकडून आलात तर त्याची लांबी तुम्हाला मिळते, उजवीकडून आलात तर बंकरवरून एका आडव्या पट्टीवर चेंडू थांबवावा लागतो. म्हणजे ग्रीनवरचा प्रश्न टीवरच (पहिला फटका मारायच्या जागीच) सुटतो किंवा बिघडतो. हे समजायला तिथे चालावं लागतं, मागे वळून बघावं लागतं. तीनशे यार्ड मारता येण्याची गरज नाही.

एकेरी_हँडिकॅप

असहमत. यादी सोयीची निवडली आहे. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डचं नाव त्यात का नाही? नॅशनल गोल्फ लिंक्स हा कोर्स करणारा हा माणूस 1895 च्या पहिल्या यूएस अमॅच्युअर स्पर्धेचा विजेता. हॅरी कोल्ट केंब्रिजच्या संघाचा कर्णधार होता, आणि क्रम्पने 1913 मध्ये पाइन व्हॅलीसाठी सल्ला मागितला तो याच कोल्टकडे. ऑगस्टा एकट्या मॅकेन्झीचं नाही. काम चालू असताना बॉबी जोन्स स्वतः चेंडू मारून बघत होता, कुठून काय होतं ते. त्या काळच्या सर्वोत्तम खेळाडूचा हात त्यात आहे.

होलच्या मागणीचा अर्थ ती पुरी करू शकणाऱ्यालाच पूर्ण कळतो. उतारावर उभं राहून लांबचा फटका उंच न्यायचा आणि टणक ग्रीनवर थांबवायचा, हे शक्य आहे की अशक्य, हे फोटो बघून ठरत नाही.

आणि हौशी परीक्षक काय करतात त्याचंही उदाहरण आहे. 1920 च्या दशकात जोशुआ क्रेन नावाच्या अमेरिकन हौशी गृहस्थाने कोर्सना गुण देण्याची पद्धत काढली. लांबी, फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा), अडथळे, ग्रीन, सगळ्याला वेगवेगळे गुण. ब्रिटनच्या नामांकित कोर्समध्ये त्याच्या तक्त्यात सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स तळाला गेला!

वाटसरू

क्रेनचं उदाहरण दिलंत हे बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे. ओल्ड कोर्स त्याला का खुपला? चांगला फटका उंचवट्यावर आपटून भलतीकडे जातो, बंकर टीवरून दिसत नाहीत, वाकडा फटकासुद्धा कधीकधी निभावतो. त्याला प्रत्येक चांगल्या फटक्याला बक्षीस आणि प्रत्येक वाईटाला शिक्षा हवी होती. ही मागणी हौशी माणसाची नाही, गुणपत्रिका जपणाऱ्या खेळाडूची आहे. (क्रेन स्वतः पट्टीचा खेळाडू होता, तेही लक्षात घ्या.) त्याच्याशी जोरदार वाद घालणाऱ्यांत मॅकेन्झी होता.

जोन्सचंही तेच. 1921 च्या ब्रिटिश ओपनमध्ये ओल्ड कोर्सच्या अकराव्या होलवर वैतागून त्याने फेरी सोडून दिली. तेव्हाही तो असामान्य खेळाडूच होता, मग कौशल्याने कोर्स कळतो तर त्याला तेव्हाच कळायला हवा होता. 1927 मध्ये तिथेच तो ओपन जिंकला आणि पुढे या कोर्सवर त्याचं अतोनात प्रेम जडलं. मधल्या काळात फटक्यांपेक्षा बघण्यात जास्त फरक पडला, असं मी मानतो.

निचरा

मी बांधकामाच्या बाजूचा. तुम्ही दोघं पाण्याला विसरलात.

कोर्सची रचना म्हणजे आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा हिशेब. यूएसजीएने (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने) 1960 मध्ये ग्रीन बांधण्याची पद्धत ठरवून दिली: वर सुमारे 12 इंच वाळूप्रधान थर, खाली सुमारे 4 इंच खडी, त्याखाली निचऱ्याच्या नळ्या. ग्रीनचा आकार, चढउतार, पाठीमागचा उंचवटा, सगळं याच्याशी बांधलेलं असतं. हौशी मंडळी जुन्या फोटोतले खोल, वरपर्यंत वाळू चढवलेले बंकर बघून हरखतात. जोराचा पाऊस आला की त्या उभ्या भिंतीवरची वाळू खाली येते आणि सकाळी चार माणसं फावडी घेऊन ती परत चढवतात. दर पावसाला. त्यांची मजुरी फोटोत दिसत नाही.

विल्सनचं नाव आलंय म्हणून सांगतो. मेरिअनच्या गवतासाठी त्याने अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या पायपर आणि ओकली या गवताच्या जाणकारांना पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि तो पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. आपल्याला कोणती गोष्ट माहीत नाही हे त्याला नेमकं ठाऊक होतं. असा हौशी माणूस मला केव्हाही चालेल.

जुने_नकाशे

+१, पण फोटोवाल्यांना इतकं खाली ढकलू नका.

पाइनहर्स्ट क्रमांक 2 हा डॉनल्ड रॉसचा कोर्स. काळाच्या ओघात तिथे सगळीकडे हिरवंगार रफ (फेअरवेबाहेरचं लांब गवत) वाढवलं गेलं, फेअरवे आवळले गेले. 2010-11 मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी काम हाती घेतलं तेव्हा आधार होता 1943 च्या हवाई छायाचित्रांचा आणि जमिनीत सापडलेल्या पाण्याच्या जुन्या नळाचा. त्या नळाच्या रेषेवरून फेअरवेचा मध्य कुठे होता ते कळलं. 30 एकरांहून जास्त गवत काढलं आणि वाळू, वायरग्रास (तिथलं मूळचं झुपकेदार गवत) परत आणलं. पाण्याचे फवारे सुमारे 1,150 होते, ते 450 वर आले. 2014 मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन तिथे लागोपाठच्या आठवड्यांत झाली.

निचरासाहेब, इथे जुन्या फोटोने पाणी वाचवलं. फेअरवे रुंद होता हे कुणीतरी चिकाटीने शोधून काढल्याशिवाय रुंद करणार कोण?

पुढची_टी

सगळी चर्चा वाचली. कोर्स कुणासाठी आखला जातो हा मुद्दा कुणी काढलाच नाही.

एकेरी_हँडिकॅप, टीवरून दीडशे यार्ड पाणी ओलांडायचं असेल तर तुमच्यासाठी तो निवड करण्याचा होल आहे. जिचा चेंडू हवेत 130 यार्ड जातो तिच्यासमोर निवडच नाही. ती पाण्यात मारते किंवा ड्रॉप झोनमधून (पाण्यात गेलेल्यांसाठी नेमलेल्या जागेतून) खेळते. तुम्ही तिथे बाराही महिने खेळलात तरी तुम्हाला हा दोष जाणवणार नाही, कारण तो तुमच्या वाटेला येत नाही. अशा होलबद्दल सर्वात उपयोगी मत तिचं आहे.

आणि यात चांगल्या खेळाडूंचं वावडं नाही हेही सांगते. अ‍ॅलिस डाय उत्तम अमॅच्युअर खेळाडू होत्या, तरी पुढच्या टींचा (ग्रीनच्या जवळून सुरुवात करायच्या जागांचा) आग्रह त्यांनीच वर्षानुवर्षं धरला, सामान्य बाईचा फटका किती जातो याचा विचार करून. फ्लोरिडातल्या सॉग्रास कोर्सचा सतरावा होल ज्या पाण्यामुळे ओळखला जातो तेही त्यांनीच सुचवलेलं. तिथली वाळू इतरत्र वापरायला खणून नेली, मोठा खड्डा उरला, आणि ग्रीनभोवती पाणी ठेवू असं त्या कोर्स आखणारे त्यांचे पती पीट डाय यांना म्हणाल्या. त्या आपल्या खेळाच्या बाहेर जाऊन बघू शकत होत्या. हँडिकॅप किती यापेक्षा मी हेच तपासेन.

एकेरी_हँडिकॅप

पुढची_टी, तुमचा मुद्दा मान्य. सक्तीने हवेतून ओलांडायचा अडथळा ही आळशी रचना आहे, आणि बाजूने वाट ठेवली की तोच होल सगळ्यांचा होतो.

पण ग्रीनच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. हौशी अभ्यासक म्हणतात, जुने तीव्र उतार परत आणा. स्टिम्पमीटर (ठरावीक उतारावरून सोडलेला चेंडू ग्रीनवर किती फूट घरंगळतो त्यावरून वेग मोजणारं साधन) वापरात आला तेव्हा, 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतल्या ग्रीनचा सरासरी वेग साडेसहा फुटांच्या आसपास मोजला गेला होता. आज मोठ्या स्पर्धेत 12 फूट आणि वर असतो. त्या वेगाला जुन्या उतारावर चेंडू थांबतच नाही, भोक पाडून झेंडा लावायला जागा उरत नाही. हे तिथे पटिंग करून (ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलून) बघितलेल्याला विचारा.

निचरा

बरोबर. म्हणूनच आम्हाला सांगितलं जातं, उतार कापा. एकदा कापला की तो परत येत नाही. गवताची उंची मात्र उद्या सकाळी बदलता येते.

वाटसरू

मग वेगच कमी करा ना! 9 फुटांवर ठेवा, उतार जगतील, गवतही कमी आजारी पडेल. रॉसने किंवा मॅकेन्झीने घडवलेली जमीन सोडून द्यायची, आणि तीन फूट जास्त दाखवणारा वेग धरून ठेवायचा? हा सौदा मला कधीच पटणार नाही.

एकेरी_हँडिकॅप

9 फुटांवर चेंडू ढकलावा लागतो. वेगवान ग्रीनवर नुसत्या स्पर्शाने अंतर साधणं हे या खेळातलं सर्वात नाजूक कौशल्य आहे आणि मी ते सोडायला तयार नाही. साडेदहा म्हणा, मग बोलू.

निचरा

साडेदहाला तीन टक्क्यांपर्यंतचा उतार झेंड्याजवळ चालतो. त्याहून जास्त असेल तिथे कापण्याआधी मला बोलवा. बऱ्याचदा वर्षानुवर्षं टॉपड्रेसिंगची (ग्रीन सपाट ठेवायला वरून पसरलेली) वाळू साचून कडा उंचावलेल्या असतात. तेवढी काढली तरी झेंड्याची जागा मिळते आणि मूळ उताराला हात लावावा लागत नाही.