ठिसूळ मणक्यात स्क्रूची पकड : आधी सिमेंट की आधी हाडाची तयारी?

मूळ मत (मणक्यांचे शल्यविशारद, मिरज)
जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतून मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला येणाऱ्या साठीपुढच्या अनेक स्त्रियांच्या फायलीत एमआरआय असतो, पण हाडांची घनता मोजल्याचा कागद नसतो. मणके जोडण्यासाठी त्यांत बसवलेले स्क्रू टिकणार की नाही हे पुष्कळसे शस्त्रक्रियेआधीच्या महिन्यांतच ठरते, असे माझे ठाम मत आहे. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत) टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलनेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर हाडे ठिसूळ समजावीत. मात्र झिजलेल्या कमरेत हाड वाढलेले असल्याने तिथला आकडा फसवा चांगला येतो, म्हणून खुब्याचा आकडाही पाहावा. सीटी स्कॅन काढलेलाच असेल, तर पहिल्या कंबर-मणक्याची घनता त्यावरच मोजता येते. ती ११० हाउन्सफिल्ड एककांखाली (सीटीवर घनता मोजण्याचे हे एकक) असल्यास सावध व्हावे. अशा रुग्णाला टेरिपॅराटाइड हे नवे हाड घडवणारे इंजेक्शन सुरू करून दोन-तीन महिने थांबावे आणि शस्त्रक्रियेनंतरही ते चालू ठेवावे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात, रिसेड्रोनेट ही हाडाची झीज रोखणारी गोळी घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांमध्ये स्क्रू ढिले होण्याचे प्रमाण कमी आढळले.

उत्तर (अस्थिशल्यविशारद, कराड)
मला हे पटत नाही. चार पावले टाकली की पाय भरून येणाऱ्या आणि पंजा उचलता न येणाऱ्या बाईंना तीन महिने थांबा म्हणणे योग्य नव्हे. टॅप (स्क्रूसाठी हाडात आटे पाडणारे हत्यार) फिरवताना हाताला विरोधच लागत नाही, असा मणका समोर असतो, तेव्हा बाजूंना छिद्रे असलेल्या स्क्रूमधून दीड-दोन मिलिलिटर हाडांचे सिमेंट सोडले की ते भोवतालच्या पोकळ जाळीत शिरून घट्ट होते आणि स्क्रू उपसून येण्यास लागणारे बल लक्षणीय वाढते. हा आधार त्याच दिवशी मिळतो. औषधाचा परिणाम दिसायला महिने लागतात.

मूळ मतकर्त्याचे उत्तर
पायाची ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर एक दिवसही थांबू नये, याबद्दल वाद नाही. परंतु केवळ कंबरदुखी आणि चालण्याची मर्यादा असलेल्या रुग्णालाही सरसकट सिमेंट भरणे मला धोक्याचे वाटते. ते मज्जारज्जूच्या नलिकेत गळू शकते, शिरांवाटे फुप्फुसापर्यंत जाऊ शकते, आणि पुढे जंतुसंसर्ग झालाच, तर तो स्क्रू काढणे हे एक वेगळेच संकट होऊन बसते. शिवाय सिमेंट त्या एका मणक्याला धरते. शेजारचा मणका तसाच ठिसूळ राहतो आणि पुढे तोच दबतो.

उत्तर (फिजिशियन, सांगली)
औषधाच्या बाजूने बोलताना गावाकडची परिस्थिती विसरता कामा नये. टेरिपॅराटाइड रोज त्वचेखाली २० मायक्रोग्रॅम टोचावे लागते आणि पेन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. जिथे वीज तासन्‌तास जाते आणि सून शेतावर गेल्यावर आजी घरात एकट्याच असतात, तिथे हा क्रम मध्येच तुटतो, खर्चाचा भार तर आहेच. मूत्रपिंडे ठीक असतील, तर वर्षातून एकदा शिरेतून ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक आम्ल हे हाडाची झीज रोखणारे औषध देणे अधिक पार पडण्यासारखे आहे. नवे हाड घडवण्याची टेरिपॅराटाइडची ताकद त्यात नाही, हे मान्य करूनच मी हे म्हणतो. दोन्ही उपायांआधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची कमतरता भरून काढलीच पाहिजे, आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते.

उत्तर (कराड)
शेजारच्या मणक्याचा मुद्दा मी स्वीकारतो. सिमेंट भरलेल्या रुग्णालाही औषध सुरू झालेच पाहिजे. तरीही पकडीचा पहिला भाग हातातच असतो : पेडिकल (मणक्याचा देठासारखा भाग, ज्यातून स्क्रू आत जातो) फुटणार नाही इतका जाड आणि पुरेसा लांब स्क्रू निवडावा, टॅप स्क्रूपेक्षा बारीक वापरावा, दोन्ही बाजूंचे स्क्रू आतल्या दिशेला झुकवावेत, डोके हाडावर टेकेपर्यंत पिळू नये, आणि गरज असेल तिथे वर-खाली एकेक मणका जास्त धरावा. एवढे करूनही स्क्रू हाताला सैल लागला, तर मी सिमेंट वापरणारच, आणि त्यासाठी ते ट्रॉलीवर आधीपासून तयार ठेवीन.