आधी पासवर्डचे प्रकरण उघडून पाहावे

संगणक-सुरक्षेचे तंत्र सतत बदलत असल्यामुळे प्रोग्रॅमरने या विषयावरची पुस्तके विकत घेण्यात अर्थ नाही, असे काही जण म्हणतात. ते मला अर्धेच पटते. हल्ल्यांची साधने जुनी होतात, पण रचनेत चुकीचे गृहीतक कसे शिरते याचे विवेचन सहसा शिळे होत नाही. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक रॉस अँडरसन यांचे 'सिक्युरिटी इंजिनिअरिंग' २००१ साली प्रथम निघाले आणि २०२० मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. एटीएमपासून अण्वस्त्रांच्या नियंत्रणापर्यंतची त्यातली उदाहरणे आजही उपयोगी पडतात. (पाने हजाराहून अधिक आहेत, तेव्हा ते सलग वाचण्याचा हट्ट धरू नये.)

थेट कोड लिहायला शिकवणाऱ्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र आवृत्तीचे वर्ष पाहावेच लागते. असे पुस्तक हाती आले की मी आधी पासवर्ड साठवण्याचे प्रकरण उघडतो. तिथे एमडी५ किंवा एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतींना (हॅश म्हणजे पासवर्डवरून काढलेला, उलटा फिरवता न येणारा संकेत) सॉल्ट, म्हणजे पासवर्डमध्ये मिसळलेली यादृच्छिक अक्षरे, जोडून काम भागते असे लिहिले असेल, तर पुस्तक बाजूला ठेवतो, कारण हे हॅश फार वेगाने काढता येतात आणि नेमका तोच वेग पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. मुद्दाम संथ ठेवलेल्या बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या हॅश पद्धतींची चर्चा तिथे हवी. त्यानंतर एसक्यूएल इंजेक्शनचे, म्हणजे वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरातून डेटाबेसच्या आज्ञेत घुसण्याच्या हल्ल्याचे, प्रकरण पाहतो. अवतरणचिन्हे एस्केप करण्यावरच (ती आज्ञेचा भाग न होता निव्वळ मजकूर म्हणून धरली जातील असे करण्यावरच) जो लेखक थांबतो आणि पॅरामीटर, म्हणजे भरलेली मूल्ये, आज्ञेपासून वेगळे पाठवणाऱ्या क्वेरीपर्यंत पोहोचत नाही, त्याच्या बाकीच्या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही.