चाचण्या हिरव्या झाल्या म्हणजे रिलीज तयार झाले का?

उंबरठा
‘एंड-टू-एंड चाचण्या हिरव्या असतील तर रिलीज करून मोकळे व्हावे; निकषांच्या याद्या म्हणजे स्वयंसेवकांवर लादलेले कागदी ओझे,’ असे वेगवान यांनी काल लिहिले आहे. (एंड-टू-एंड चाचणी म्हणजे वापरणाऱ्यासारखे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे चालवून पाहणे; जमले तर हिरवी, नाहीतर लाल.) मला हे अजिबात मान्य नाही. जे विचारले जाते तेवढ्याचेच उत्तर चाचणी देते, आणि काय विचारायचे ते निकष ठरवतात. फेडोरा या लिनक्स प्रणालीमध्ये बीटा (आधीच्या, चाचणीसाठीच्या) आणि अंतिम आवृत्तीचे निकष आधीच लिहिलेले असतात. ते मोडणारा बग (दोष) ब्लॉकर, म्हणजे रिलीज अडवणारा, ठरतो आणि तो सुटेपर्यंत तारीख पुढे जाते. नवा इन्स्टॉलर तयार नसल्यामुळे फेडोराची अठरावी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ ऐवजी जानेवारी २०१३ मध्ये आली.

मी ज्या प्रकल्पात काम करत होतो, तिथे प्रत्येक एंड-टू-एंड चाचणी रिकाम्या डेटाबेसपासून सुरू होत असे. सगळे हिरवे दिसले, रिलीज झाले, आणि जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करणाऱ्यांच्या नोंदींना जोडलेल्या फाइली उघडेनाशा झाल्या. ‘मागील आवृत्तीवरून अपग्रेड केल्यावर डेटा शाबूत राहिला पाहिजे,’ एवढे एक वाक्य आधी लिहिलेले असते तर ती चाचणी कोणीतरी नक्कीच लिहिली असती.

वेगवान
फेडोराच्या पाठीशी पगारी माणसे आहेत. आमच्याकडे दोन मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) आहेत आणि तेही नोकरी सांभाळून काम करतात. ‘तयार होईल तेव्हा’ या धोरणाची किंमतही सांगा. डेबियन या लिनक्स प्रणालीची ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ थेट जून २००५ मध्ये. उलट लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दोन आठवडे मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची मुदत) असते, मग दर आठवड्याला एक आरसी (रिलीजपूर्व आवृत्ती) निघते आणि साधारण नऊ-दहा आठवड्यांत रिलीज होते. जे तयार नसेल ते पुढच्या फेरीत जाते. शिवाय एंड-टू-एंड चाचण्यांवर एवढा विश्वास कशासाठी ठेवायचा? आमच्याकडे त्या वाटेल तेव्हा लाल होतात. आम्ही तीनदा चालवतो, एकदा हिरवी झाली की मर्ज करतो.

लॉगवाचक
मूळ वाद बाजूला राहिला तरी चालेल, पण ‘तीनदा चालवतो’ हे वाचून संताप आला. मी हेच निस्तरत आलो आहे. एका प्रकल्पात ‘जतन करा’ दाबून पान पुन्हा उघडणारी चाचणी अधूनमधून लाल होत असे. सीआयचे (चाचण्या आपोआप चालवणारे) यंत्र संथ आहे असे सर्वांनी ठरवून टाकले, आधी दोन सेकंदांचा थांबा घातला, मग पुनर्प्रयत्न जोडले. लॉगच्या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा दिसले की फाइल डिस्कवर लिहून होण्याआधीच सर्व्हर ‘जतन झाले’ असे उत्तर देत होता. चाचणी अगदी बरोबर सांगत होती, तिचे तोंड आम्ही बंद केले होते, आणि तोवर वापरणाऱ्यांचे लिखाण हरवत होते.

वेगवान
एका उदाहरणावरून आम्हाला निष्काळजी ठरवू नका. आमच्या बहुतेक लाल चाचण्या ब्राउझर वेळेत सुरू न झाल्याच्या असतात. प्रत्येकीचा माग काढायला वेळ कुठून आणायचा? ज्यांना एवढी कळकळ आहे त्यांनी पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवावेत.

लॉगवाचक
पॅच पाठवीन, पण कोणती चाचणी कितव्या प्रयत्नात हिरवी झाली याची नोंद तरी ठेवा! ब्राउझर सुरूच न होणे आणि अपेक्षित मजकूर न सापडणे ही दोन वेगळी अपयशे आहेत; पहिल्याला पुनर्प्रयत्न द्या, दुसऱ्याला कधीही देऊ नका. जी चाचणी बाजूला काढाल तिच्या नावाने बगची नोंद उघडा. निव्वळ वगळलेल्या चाचणीकडे कोणी परत फिरकत नाही.

उंबरठा
कर्नलचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. तिथले वेळापत्रक ‘आधी चालणारे काही मोडायचे नाही’ या कडक निकषावर उभे आहे, आणि गरज पडली तर सातव्या आरसीनंतर आठवी काढतात. तारखेप्रमाणे चालणाऱ्याला तर निकष अधिकच लागतात, कारण तारीख जवळ आली की प्रत्येकाला आपला बग किरकोळ वाटू लागतो. दोनच मेंटेनर असतील तर निकषही चारच असू द्या, मात्र ते फ्रीजच्या, म्हणजे नवे बदल घेणे थांबवण्याच्या, आधी ठरवा.

वेगवान
अपग्रेड आणि डेटा, एवढे दोन निकष लिहायला माझी हरकत नाही. ते मी कधी नाकारले नव्हते. लाल चाचण्यांची दोन कारणे वेगळी नोंदवणेही जमेल. पण ब्लॉकर ठरवायला बैठका होणार नाहीत, आणि जो बग ब्लॉकर म्हणून पुढे करेल त्याने तो पुन्हा घडवून दाखवण्याच्या पायऱ्या दिल्याच पाहिजेत. यावर मी मागे हटणार नाही.

उंबरठा
पायऱ्यांची अट मान्य आहे. फक्त ज्या बगमुळे डेटा जातो तो पायऱ्या नसल्या तरी बंद करू नका, कारण तसे बग मागितल्यावर पुन्हा घडत नाहीत.