'बायबलमधलं विज्ञान' : आपल्या ग्रुपवरची रविवारची चर्चा

सी-१०३ : सर्वांना शुभ रविवार. आमच्या प्रार्थना गटातला मेसेज पुढे पाठवतेय. मुलांना वाचून दाखवा.
"विज्ञानाला काल कळलं ते बायबलने हजारो वर्षांपूर्वी सांगितलं! पृथ्वी गोल आहे, यशया ४०:२२. पृथ्वी अधांतरी आहे, ईयोब २६:७. सुंता आठव्या दिवशी, कारण त्याच दिवशी बाळाचं रक्त सर्वांत चांगलं गोठतं. वाहत्या पाण्याने धुणं, लेवीय १५:१३. नासाच्या कॉम्प्युटरला सापडलेला हरवलेला दिवस यहोशवाच्या १० व्या अध्यायात आहे! सर्वांना पाठवा."

ए-२०४ : छान माहिती मावशी. आमच्या मुलाला शाळेत विज्ञान दिनाला बोलायचंय. त्यात नासाचा मुद्दा घालू का?

बी-४०२ : तेवढं नका करू. मला जरा वेळ द्या, नीट लिहितो.

डी-५०१ : सगळ्या पोथ्यांत असंच असतं. थापा नुसत्या.

बी-४०२ : असं नका म्हणू. मावशींकडे रोज सकाळी जे पुस्तक उघडतं तेच माझ्याकडेही उघडतं. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवलं. म्हणूनच हा मेसेज मला बोचतो. आधी नासाचं सांगतो, कारण ते मुलाच्या भाषणात जाऊ नये.

ही गोष्ट १९७० च्या सुमारास अमेरिकेत हॅरॉल्ड हिल नावाच्या गृहस्थांनी पसरवली. शास्त्रज्ञ ग्रहांच्या जागा मागे मागे मोजत गेले तेव्हा एक दिवस कमी पडला. त्यातले २३ तास २० मिनिटं यहोशवाच्या लढाईत सूर्य थांबला होता त्यात सापडले आणि उरलेली ४० मिनिटं हिज्कीया राजाच्या वेळी सावली दहा पायऱ्या मागे गेली त्यात सापडली, अशी ती गोष्ट. नासाने तेव्हाच सांगितलं होतं की असं काही आमच्याकडे घडलेलं नाही. शिवाय हाच हिशेब अमेरिकेतल्या टॉटन नावाच्या लेखकाने १८९० सालीच छापला होता. नासाची स्थापना १९५८ ची, म्हणजे गोष्ट नासापेक्षा ६८ वर्षांनी जुनी. कॉम्प्युटर त्यात नंतर घुसवला.

आणि असा दिवस सापडूच कसा शकेल? आजच्या ग्रहस्थितीवरून उलटं गणित करत गेलं तर गणित सलगच जातं. मधे घड्याळ थांबलं होतं हे कळायला त्या काळी कोणीतरी स्वतंत्रपणे लिहून ठेवलेली दुसरी नोंद लागते, आणि तशी नोंद कोणी दाखवलेली नाही. ४० मिनिटं कुठून आली तेही पाहा. दहा पायऱ्यांचे दहा अंश धरले, आणि २४ तासांच्या ३६० अंशांत दहा अंश म्हणजे ४० मिनिटं. उत्तर आधी ठरवलं आणि आकडा त्यात बसवला.

ए-२०४ : बरं झालं विचारलं सर. काढून टाकतो.

सेक्रेटरी : उद्या सकाळी १० ते २ वरच्या टाकीची सफाई आहे, पाणी भरून ठेवा. चर्चा चालू राहू द्या, पण कोणाच्या श्रद्धेवर बोट नको.

सी-१०३ : सर, नासाचं राहू द्या. पण यशयाचं वचन तर स्पष्ट आहे ना? पृथ्वीचं वर्तुळ म्हटलंय. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हे कोणाला ठाऊक होतं?

बी-४०२ : मावशी, मूळ हिब्रू शब्द 'हूग'. त्याचा अर्थ वर्तुळ, कंपासने काढतात तसं. ताटलीही वर्तुळाकार असते, तरी ती चेंडू नव्हे. चेंडूसाठी यशयाकडे वेगळा शब्द आहे, २२ व्या अध्यायात १८ व्या वचनात वापरलाय. ४०:२२ मात्र अर्ध्यावर तोडून पाठवतात. पुढे काय आहे ते तुम्हाला पाठच असेल : तो आकाश पडद्यासारखं पसरतो, राहायच्या तंबूसारखं ताणतो. तंबू आपण जमिनीवर ठोकतो. माळावर उभं राहिलं की चहूकडे क्षितिजाचं गोल कडं दिसतं आणि वर आकाश ताणलेलं दिसतं. कवीने जे पाहिलं ते सांगितलं, आणि फार सुंदर सांगितलं.

आता याच वचनाची एक गोष्ट. सहाव्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला कॉस्मास नावाचा ख्रिस्ती व्यापारी होता. समुद्रावर हिंडलेला माणूस. त्याच्या ग्रंथात 'कल्लियाना' नावाच्या बंदराचा आणि तिथे इराणहून नेमलेल्या बिशपचा उल्लेख आहे. बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. आपण राहतो त्या गावात तेव्हा ख्रिस्ती मंडळी होती याचा हा जुन्यात जुन्या पुराव्यांपैकी एक. मला त्या ओळीचं फार अप्रूप आहे.

पण त्याने तो ग्रंथ लिहिला कशासाठी? पृथ्वी गोल म्हणणारे चुकीचे आहेत हे दाखवायला! त्याच्या मते पृथ्वी सपाट आणि लांबट चौकोनी, मोशेच्या निवासमंडपासारखी, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूसारखी, आणि वर आकाश पेटीच्या कमानदार झाकणासारखं. त्याच्या आधारांत हेच वचन आहे, यशया ४०:२२. त्याच्या ग्रीक बायबलात तिथे आकाश कमानीसारखं उभारलं असं आहे. चौदाशे वर्षांपूर्वी ज्या वचनाने पृथ्वी सपाट ठरली, त्यानेच आज ती गोल ठरतेय. वचन तेच. अर्थ काय काढायचा ते वाचणारा आधी ठरवून येतो.

गोल आहे हे ज्यांनी शोधलं त्यांनी ते वेगळ्या वाटेने शोधलं. अॅरिस्टॉटलने चंद्रग्रहणात पृथ्वीच्या सावलीची कड नेहमी गोल दिसते हे दाखवलं. इ. स. पू. २४० च्या सुमारास एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने तर सावलीवरून परीघ काढला. इजिप्तमधल्या सायीनी गावात वर्षातल्या एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्याच दुपारी उत्तरेला अलेक्झांड्रियात काठीची सावली पडते. तो कोन निघाला वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास, झाला पृथ्वीचा परीघ.

सी-१०३ : हे कॉस्मासचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. कल्याणचं ऐकून अंगावर काटा आला. पण सर, ईयोबाचं काय? 'पृथ्वी निराधार टांगली आहे.' हे तर उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

बी-४०२ : मेसेजमधला हा एकच मुद्दा मलाही विचार करायला लावतो. ओळ विलक्षणच आहे. पण त्याच अध्यायात चार वचनं खाली आकाशाचे खांब थरथरतात. ९ व्या अध्यायात पृथ्वीचे खांब हलतात. ३८ व्यात देव विचारतो, पृथ्वीचा पाया मी घातला तेव्हा तू कुठे होतास, तिची कोनशिला कोणी बसवली? पहिली ओळ खगोलशास्त्र म्हणून घ्यायची तर बाकीच्याही घ्याव्या लागतील. एक उचलायची आणि तीन झाकायच्या, हे बरोबर नाही. ईयोबाची मुलंबाळं गेली आहेत, तो राखेत बसलाय, आणि देवापुढे आपण केवढे याबद्दल तो बोलतोय. तिथे मला भूगोल शोधावासा वाटत नाही.

ए-३०१ : मी नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे म्हणून लिहिते. आठव्या दिवसाचा मुद्दा बरोबर नाही. रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं आणि जन्मतः बाळात ते फार कमी असतं. म्हणून जन्मल्यावर लगेच आम्ही त्याचं इंजेक्शन देतो. ते दिलं नाही तर आठवडा उलटल्यावरही, काही बाळांत दोन-तीन महिन्यांपर्यंतसुद्धा, डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. आठव्या दिवशी सगळं ठीक होतं असं समजून कोणी इंजेक्शन नाकारलं तर बाळाच्या जिवावर बेतेल. नवीन आईबाबांनी कृपया हा मेसेज मनावर घेऊ नका.

बी-४०२ : ताई, बरं झालं तुम्ही लिहिलंत. यात एक भर घालतो. निर्गम २२:३० मध्ये वासरू-कोकरूही सात दिवस आईपाशी ठेवून आठव्या दिवशी अर्पण करायला सांगितलंय. आठवा दिवस ही अर्पणाची गणना आहे.

धुण्याचंही थोडक्यात. लेवीयच्या १४ व्या अध्यायात कुष्ठरोग्याच्या शुद्धीचा विधी आहे. एक पक्षी वाहत्या पाण्यावर मारायचा, जिवंत पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती त्या रक्तात बुडवायचं, आणि ते सात वेळा शिंपडायचं. पाणी तेच वाहतं, पण हे जंतू घालवायला नाही. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले ते बाळंतिणींच्या मृत्यूंचे आकडे पाहून, आणि शवविच्छेदनात जखम होऊन मित्र दगावला त्यावरून. लेवीय त्या आधी शेकडो वर्षं प्रत्येक चर्चमध्ये होतं. प्रयोगशाळेच्या आधी त्या वचनावरून जंतूंचा सुगावा कोणाला लागला?

डी-५०१ : मग लेवीयमधला ससा रवंथ करतो त्याचं काय? वटवाघूळ पक्ष्यांत? आणि शलमोनाचं गोल पितळी गंगाळ, व्यास दहा हात, घेर तीस हात. म्हणजे पाय (π, घेर भागिले व्यास) बरोबर तीन?

बी-४०२ : ससा रवंथ करत नाही, बरोबर. वटवाघूळही सस्तन प्राणी. मात्र गंगाळाचं म्हणाल तर लिहिणाऱ्याने पूर्णांकात माप दिलं, आपण 'दहा बाय दहाची खोली' म्हणतो तसं. त्याची टिंगल करायची गरज नाही. पण काही जण तिथल्या हिब्रू अक्षरांच्या किमती घेऊन भागाकार करतात आणि ३.१४१५ काढून दाखवतात, तेही मला पटत नाही. त्या अक्षरांतून पायची किंमत कोणी आधी शिकलं नाही. आर्यभटाने २०००० व्यासाला ६२८३२ घेर सांगितला. खरं ज्ञान असं असतं, समोर मांडलेलं, कोणालाही मोजून पाहता येणारं.

ए-५०३ : सर, मग आमच्याकडच्या विमानांनाही हीच फूटपट्टी?

बी-४०२ : हीच. विमानशास्त्रावरची म्हणून जी संस्कृत पोथी दाखवतात, तिचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली केला. त्यातली यानं उडूच शकत नाहीत असं निघालं. माझ्या पुस्तकाला एक माप आणि तुमच्याला दुसरं, असं मी कसं करू?

मावशी, हे बाहेरच्यांचं बोलणं वाटत असेल तर आपल्याच माणसांचं ऐका. संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं की ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाखाली आकाश-ताऱ्यांबद्दल चुकीचं बोलू नये. ज्यांना ते विषय येतात ते हसतील, आणि मग पुनरुत्थानाबद्दल आपलं कशाला ऐकतील? आणि बेल्जियमचे फादर लमेत्र. विश्व पसरतंय याचं गणित त्यांनी १९२७ साली मांडलं, महास्फोटाच्या कल्पनेचं मूळ त्यांच्याकडे जातं. १९५१ साली पोप बारावे पायस भाषणात म्हणाले की या विज्ञानातून 'प्रकाश होवो' या शब्दाला साक्ष मिळते. लमेत्र स्वतः पाद्री, पण त्यांना ते रुचलं नाही. आपलं गणित उद्या बदलू शकतं, श्रद्धा त्यावर टेकवू नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा घेतला नाही.

सी-१०३ : सर, खरं सांगू? हे वाचताना आधी वाईट वाटलं. मला वाटायचं, नातवंडं शिकलेली आहेत, विज्ञानाचा शिक्का दाखवला तर बायबल वाचतील.

बी-४०२ : समजतं मावशी. माझ्याही वर्गात असंच झालं. एका मुलीने विचारलं, मोहरीचा दाणा सर्वांत लहान असं येशू म्हणाला, पण ऑर्किडचं बी तर धुळीसारखं असतं, मग तो चुकला का? मी तेव्हा गडबडलो आणि काहीतरी ओढूनताणून उत्तर दिलं. तिचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. आज विचारलं तर म्हणेन, हो बाळ, ऑर्किडचं बी लहानच. आता दाखला पुन्हा वाचू, तो देवाच्या राज्याबद्दल आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत सगळं बायबल आणायला इतकी वर्षं घातली, ती बायकामुलांना ते स्वतः वाचून समजावं म्हणून. नातवंडांबरोबर अख्खा अध्याय वाचा, एकेक सुटी ओळ नको.

सी-१०३ : मी प्रार्थना गटात लिहिते की नासाची गोष्ट खरी नाही. आणि व्हिटॅमिन के चंही. ते आधी.

ए-२०४ : सर, मग मुलाने बोलायचं कशावर?

बी-४०२ : एराटोस्थेनिसवर बोलू दे. मेच्या मध्यात आपल्याकडेही एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. भाषण आता होईल, काठी तेव्हा गच्चीवर लावू. त्याच वेळी उत्तरेकडच्या गावातल्या कोणाला तरी फोनवर सावली मोजायला सांगा.

ए-३०१ : माझी बहीण जळगावला असते. तिला सांगते.

सेक्रेटरी : गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवतो. मुलांबरोबर एक मोठं माणूस हवं.

सी-१०३ : मी येईन.