मदत हवी आहे: त्रैक्य मुलांना कसं शिकवायचं? रविवारच्या आत उत्तर हवंय

रविवारशाळा
येत्या रविवारी त्रैक्यावर (देव एकच; पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा) पाठ घ्यायचाय. योहान १४:२८ (पिता माझ्यापेक्षा थोर) आणि मार्क १३:३२ (पुत्रालाही ठाऊक नाही) या वचनांची सरळ उत्तरं हवीत. "येशू देव होता तर गेथशेमाने बागेत प्रार्थना कोणाला करत होता?" हा प्रश्नही येणार हे नक्की. पाणी-बर्फ-वाफ हे उदाहरण चालेल ना? कृपया लिंका नकोत आणि लांबलचक इतिहास नको. वेळ कमी आहे.

भाकर_द्राक्षरस
मुलं किती वर्षांची? तास किती वेळाचा? मंडळी (चर्च) कोणती? आणि नेमकी हीच दोन वचनं का? ही जोडी सहसा एकत्र येते ती कुठल्यातरी छापील यादीतून.

रविवारशाळा
आठवी ते दहावी. पाऊण तास. मंडळी कोणती याचा काय संबंध?

भाकर_द्राक्षरस
संबंध आहे. उपासनेत नायसीन विश्वासांगीकार (निकेया परिषदेपासून आलेलं श्रद्धेचं निवेदन) म्हणत असाल तर मुलांच्या तोंडी वाक्यं आधीच आहेत, फक्त उलगडायची. म्हणत नसाल तर थेट वचनांपासून सुरुवात. आणि वचनं कुठून आली ते सांगितलं नाहीत.

रविवारशाळा
म्हणतो, महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी. एका मुलाच्या घरी कोणीतरी त्रैक्य नाकारणारी छापील पत्रिका देऊन गेलं, त्यात आहेत. कलस्सै १:१५ पण आहे. पाण्याच्या उदाहरणाचं सांगा ना.

वसईचा_वाचक
पाण्याचं उदाहरण वापरू नका. तेच पाणी आधी बर्फ, मग पाणी, मग वाफ, म्हणजे एकच व्यक्ती पाळीपाळीने तीन रूपं घेते. ही तिसऱ्या शतकातल्या सबेल्लियसची शिकवण आणि मंडळीने ती नाकारली. मार्क १:९-११ वाचून घ्या: पुत्र यार्देन नदीत उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे, पित्याची वाणी आकाशातून येते आहे. तिघे एकाच वेळी आहेत आणि एकमेकांशी त्यांचा संबंध आहे.

तुमच्या गेथशेमानेच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. पुत्र पित्याला प्रार्थना करतो. पुत्र म्हणजे पिता नव्हे. तो प्रश्न त्रैक्याला अडवत नाही, पाणी-बर्फ-वाफेला अडवतो. उदाहरण वापरलंत तर त्या मुलाचा प्रश्न बरोबर ठरेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

त्रिज्या
दहावीतला एखादा हुशार मुलगा म्हणेल की पाणी तिन्ही अवस्थांत एकाच वेळी असू शकतं. ०.०१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ६१२ पास्कल दाब, त्याला त्रिक बिंदू म्हणतात. मग?

वसईचा_वाचक
मग दुसरी चूक होते. त्या भांड्यात काही रेणू बर्फाचे, काही पाण्याचे, काही वाफेचे, म्हणजे प्रत्येक अवस्था हा एकूण पाण्याचा एक हिस्सा. पिता देवाचा एक तृतीयांश नाही. पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्मा पूर्ण देव, आणि देव एकच. दाब कितीही बदला, उदाहरण इथे येऊन मोडतंच.

सच्चिदानंद_प्रेमी
आपल्या मातीतलं उदाहरण द्या. बंगाली ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये 'वंदे सच्चिदानंदम्' हे संस्कृत स्तोत्र लिहिलं. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे पवित्र आत्मा. मुलांना लगेच कळेल. नाहीतर ब्रह्मा-विष्णू-महेश तर घरोघरी माहीत आहेतच.

भाकर_द्राक्षरस
त्रिमूर्ती कृपया नको. तिथे कामांची वाटणी आहे, उत्पत्ती एकाकडे, पालन दुसऱ्याकडे, लय तिसऱ्याकडे. नव्या करारात सृष्टीही पुत्राद्वारे आहे (योहान १:३, कलस्सै १:१६) आणि न्यायही पुत्राकडे आहे (योहान ५:२२). तिघांचं काम अविभाज्य आहे. त्रिमूर्तीची तुलना ऐकून मुलं तीन देव डोक्यात घेऊन घरी जातात.

सच्चिदानंदाची गोष्ट वेगळी, तो खोल विचार आहे. पण सत्, चित् आणि आनंद यांना नुसते एका देवाचे तीन गुण म्हटलंत की पुन्हा सबेल्लियस. उपाध्यायांच्या स्तोत्रात पिता, पुत्र आणि आत्मा यांना वेगवेगळी कडवी आहेत, म्हणून ते तिथे घसरत नाहीत. पाऊण तासात आठवीच्या मुलांना हे पेलणार नाही.

सच्चिदानंद_प्रेमी
म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानातले शब्द मुलांना पेलतात आणि संस्कृत पेलत नाहीत? हा हट्ट मला पटत नाही.

फक्तवचन
दोन्ही सोडा. विश्वासांगीकार माणसांनी लिहिलाय. 'त्रैक्य' हा शब्द पवित्र शास्त्रात नाही. १ योहान ५:७ वाचा, "स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत", संपला विषय.

पोथीवाचक
१ योहान ५:७ च्या त्या वाक्यावर काहीही उभारू नका. ते प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही, लॅटिन परंपरेतून आलेलं आहे. नव्या कराराचा ग्रीक मजकूर छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घेतलं. पत्रिका देणाऱ्यांना हे पाठ असतं. तुम्ही ते वचन पुढे केलंत की ते पहिल्या मिनिटात ते पाडतील आणि मुलांना वाटेल सगळाच पाया कच्चा आहे. मत्तय २८:१९ घ्या: "पिता, पुत्र व पवित्र आत्मा" यांच्या नावाने बाप्तिस्मा. नाव एकवचनी आहे.

सरळरेष
मुळात येशूला देव ठरवलं ते ३२५ मध्ये रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेयाच्या बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन. मुलांना हेही सांगा.

पोथीवाचक
हे चुकीचं आहे. निकेया आशिया मायनरच्या बिथुनिया प्रांतात, आजचं तुर्कस्तानातलं इझनिक. त्याच प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी याने सुमारे ११२ मध्ये सम्राट त्राजानला लिहिलेलं पत्र आहे: ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी. त्याहीआधी, पहिल्या शतकात, पौल फिलिप्पै २:१०-११ मध्ये लिहितो की येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकेल. ते शब्द यशया ४५:२३ मधले आहेत आणि तिथे ते परमेश्वर स्वतःबद्दल बोलतो.

निकेयातला वाद "येशू देव की साधा माणूस" असा नव्हताच. आलेक्सांद्रियाच्या मंडळीचा धर्मगुरू आरियस पुत्राला सृष्टीआधीचा आणि सर्वांत श्रेष्ठ मानत होता, पण निर्माण केलेला: "तो नव्हता अशी वेळ होती." परिषदेने "जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे" आणि "पित्याशी एकतत्त्व" हे शब्द घातले ते नेमके याला उत्तर म्हणून. सही न करता आरियसच्या बाजूने शेवटपर्यंत राहिले ते दोन बिशप. आणि सम्राटाच्या मर्जीने सगळं मिटलं म्हणावं तर पुढे निकेयाची बाजू लढवणाऱ्या आलेक्सांद्रियाच्या बिशप अथनेशियसला सम्राटांनी पाच वेळा हद्दपार केलं.

रविवारशाळा
इतिहास नको म्हटलं होतं. योहान १४:२८? मार्क १३:३२?

वसईचा_वाचक
योहान १४:२८, "माझा पिता माझ्यापेक्षा थोर आहे." जुनी उत्तरं दोन आहेत. एक, पुत्राचं पुत्रपण पित्यापासून आहे, म्हणून उगम या नात्याने पिता थोर. चौथ्या शतकातला धर्मशिक्षक नाझियान्झसचा ग्रेगरी याकडे झुकतो. दुसरं, देहधारी झालेला पुत्र मानव म्हणून बोलतो आहे. ऑगस्टीन यावर भर देतो. मुलांना दुसरं आधी सांगा, फिलिप्पै २:६-८ सोबत वाचून: देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं.

मार्क १३:३२, त्या दिवसाबद्दल पुत्रालाही ठाऊक नाही. अथनेशियसने आरियसच्या लोकांना दिलेलं उत्तर असं: न जाणणं हे त्याने खरोखर घेतलेल्या मानवपणाचं आहे. लूक २:५२ मध्ये तो ज्ञानाने वाढतो, मार्क ४:३८ मध्ये झोपतो, योहान ४:६ मध्ये थकतो. ही सगळी एकाच रांगेतली वचनं आहेत. "त्याला माहीत होतं, फक्त सांगायचं नव्हतं" असं म्हणू नका. त्याने मानवपण खोटं ठरतं. एक खबरदारी: मत्तय २४:३६ मध्ये काही हस्तलिखितांत "पुत्रालाही नाही" हे शब्द नाहीत. त्याचा आधार घेऊन सुटका करू नका, मार्कात ते आहेतच.

निळीशाई
इथे खाल्सेदोनच्या परिषदेशिवाय (इ.स. ४५१) पुढे जाता येत नाही. येशू एक व्यक्ती, दोन स्वभाव (ईश्वरी आणि मानवी): मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, वेगळेपणा नाही. चारही नकार मुलांकडून पाठ करून घ्या. आणि गेथशेमानेबद्दल वरचं उत्तर अर्धं आहे. "माझ्या इच्छेप्रमाणे नको" (लूक २२:४२) म्हणजे त्याला मानवी इच्छाही आहे. ६८०-८१ च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेने दोन इच्छा मान्य केल्या त्या याच प्रसंगाच्या आधारावर लढलेल्या वादानंतर.

फक्तवचन
आठवीच्या मुलांना चार नकार आणि दोन इच्छा? शिष्य थोमा येशूला "माझा प्रभू व माझा देव" म्हणाला आणि येशूने त्याला थांबवलं नाही. लुस्त्र शहरात लोक पौल-बर्णबाला देव म्हणू लागले तेव्हा त्यांनी कपडे फाडले (प्रेषितांची कृत्ये १४:१४). हा फरक मुलांना एका मिनिटात कळतो.

निळीशाई
हा मुद्दा भक्कम आहे, जरूर घ्या. पण थोमाचं वाक्य "हा देव आहे" एवढं सांगतं, "मग दमला कसा" याचं उत्तर देत नाही. ते खाल्सेदोन देतं.

भाकर_द्राक्षरस
कलस्सै १:१५ राहिलं. "सर्व सृष्टीत ज्येष्ठ" हा हुद्दा आहे, जन्मक्रम नव्हे. स्तोत्र ८९:२७ मध्ये देव दाविदाला ज्येष्ठ करतो, आणि दावीद तर इशायाचा धाकटा. यिर्मया ३१:९ मध्ये एफ्राईम ज्येष्ठ, खरा थोरला मनश्शे. शिवाय पुढचंच वचन म्हणतं की सर्व काही त्याच्याद्वारे निर्माण झालं. मग तो त्या "सर्व" मध्ये कसा बसेल? पत्रिकेत १:१५ छापून १:१६ सोडलंय का ते मुलाला स्वतः बघू द्या.

जुनीपत्रे
मराठी वाचकांसाठी एक आठवण. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला आणि त्यानंतरच्या पत्रव्यवहारात त्यांनी नेमका याच विषयावर, त्रैक्य आणि ख्रिस्ताचं ईश्वरत्व यावर, तिथल्या सिस्टरांशी (जोगिणींशी) नेटाने वाद घातला. मुलांना शंका विचारू द्या.

सच्चिदानंद_प्रेमी
तेच मी म्हणतोय, रमाबाई असोत की उपाध्याय, आपल्या लोकांनी स्वतः विचार केला.

वसईचा_वाचक
धागा भरकटतोय. पाऊण तास असा वापरा. पहिली दहा मिनिटं अनुवाद ६:४, परमेश्वर एकच. ही पायरी गाळू नका. तीनपासून सुरुवात केली की शेवटी तीन देव उरतात. मग पंधरा मिनिटं मार्क २:१-१२: पक्षाघात झालेल्याला येशू पापांची क्षमा देतो, शास्त्री म्हणतात देवाशिवाय कोण क्षमा करू शकेल. शास्त्र्यांचं तत्त्व बरोबर आहे, समोर कोण बसलंय ते त्यांना दिसत नाही, आणि हे मुलांना स्वतः सापडू द्या. त्यानंतर पाच मिनिटं मार्क १:९-११, आणि फळ्यावर दोनच प्रश्न: "काय?" समोर एक देव, "कोण?" समोर पिता, पुत्र, आत्मा. देव एकच आणि देव तीन असं आपण म्हणत नाही, म्हणून विसंगती नाही. उरलेला वेळ पत्रिकेतल्या वचनांना. अवघड वचन सुरुवातीला घेऊ नका, फळ्यावर चौकट नसताना ते लोंबकळतं.

रविवारशाळा
हे चालेल. पवित्र आत्म्यावर कोणी काहीच बोललं नाही. तो व्यक्ती आहे की शक्ती, हा पण प्रश्न पत्रिकेत आहे.

भाकर_द्राक्षरस
आधी का नाही सांगितलंत! प्रेषितांची कृत्ये ५:३-४, हनन्या पवित्र आत्म्याशी लबाडी करतो आणि पेत्र म्हणतो तू देवाशी लबाडी केलीस. शक्तीशी कोणी खोटं बोलत नाही. इफिस ४:३० मध्ये आत्म्याला खिन्न करू नका म्हटलंय. ३२५ च्या मजकुरात आत्म्यावर एकच ओळ होती. "पिता व पुत्राबरोबर ज्याची आराधना व गौरव होतो" हे ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपलचं. तुम्ही महिन्यातून एकदा म्हणता तो मजकूर हाच.

निळीशाई
त्यात "आणि पुत्रापासून" निघणारा असं म्हणता की नाही? ३८१ च्या ग्रीक मजकुरात ते नाही, पश्चिमेकडच्या मंडळीने नंतर घातलं, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही म्हणत नाहीत.

वसईचा_वाचक
तो वाद या रविवारी नको. शेवटी २ करिंथ १३:१४ चा आशीर्वाद म्हणून वर्ग सोडा: प्रभू येशूची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता. काही आवृत्त्यांत हेच वचन १३:१३ आहे. मुलांकडे वेगवेगळी बायबलं असतील तर क्रमांकांऐवजी "पत्राचं शेवटचं वाक्य" असं सांगा, म्हणजे शोधाशोधीत वेळ जाणार नाही.